नळाची वर्दी देणारा खोका

मी बोलतोय. कोण म्हणून वर बघू नका, खाली बघा. लोखंडी कपाटाच्या शेजारी पाटावर बसवलेला, पुढून काळा आणि बाजूनं पत्र्याचा जो खोका आहे, तो मी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आहेत म्हणून देव समजू नका. देवघर पलीकडच्या खोलीत आहे.

घरात मला डबा म्हणतात, गल्लीत अप्पाचं मशीन म्हणतात आणि चार बुकं शिकलेले सर्व्हर म्हणतात. तिन्ही नावांना मी ओ देतो. भंगार म्हटलेलं मात्र मला खपत नाही. तसं म्हणणारे बरेच आले आणि गेले. त्यातले काही आज माझ्याच भरवशावर घागरी भरतात.

गावाचं नाव सांगणार नाही. उदगीरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की पाण्याची एक उंच टाकी दिसते, ते गाव, एवढं पुरे. नाव घेतलं की कुणाच्या तरी अंगाला लागतं, आणि मला अजून इथंच राहायचं आहे.

माझा जन्म कुठं झाला ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलं होतं. ती चिठ्ठी पोरांनी नखानं खरवडून टाकली, त्यामुळं मी स्वतःला नांदेडचाच समजतो. वजिराबादेत एका दवाखान्याच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं माझी सुरुवात झाली. खाली पेशंट कण्हायचे आणि वर पोरं बटणं बडवायची. माणसांची एक गंमत मी तिथं पाहिली. नवीन आलेला कुणीही असो, आधी तो स्वतःचं नाव टाइप करतो, मग इकडंतिकडं बघून आवडत्या माणसाचं, आणि मागून सर आले की दोन्ही पुसतो. अशी कितीक नावं माझ्या पोटात आली आणि पुसली गेली. मी कधी चहाडी केली नाही.

त्या क्लासात अंजू शिकवायला होती. उमरीची पोरगी, रोज रेल्वेनं यायची. दुसरी मशीनं बंद पडली की सर दुकानदाराला बोलवायचे. मी बंद पडलो की अंजू पेचकस घेऊन माझं झाकण काढायची, ब्रशनं धूळ झाडायची आणि हळूच विचारायची, "काय झालं रे तुला?" मग मी चालू व्हायचो. धूळ निघाली म्हणून की तिनं विचारलं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढं लोकांच्या हातात मोठाले मोबाइल आले, पोरं गळाली आणि एक दिवस क्लासला कुलूप लागलं. सरांनी सगळी मशीनं भंगारवाल्याच्या काट्यावर घातली. माझी पाळी आली तशी अंजू पुढं झाली.

"सर, हा मला द्या."

"नेऊन काय करशील? त्यात कोंबड्या ठेवशील का?" सर हसत म्हणाले.

"ते मी बघीन," एवढंच ती बोलली. मला चादरीत बांधून तिनं रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेतलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "टीव्ही हाय का गं?" अंजू म्हणाली, "टीव्हीचा बाप हाय." भंगारच्या काट्यावरून उतरल्याला तासही झाला नव्हता आणि मी बाप झालो होतो. उमरी येईपर्यंत मी ताठ बसून राहिलो.

वर्षभरात तिचं लग्न ठरलं. हे धूड सासरी नेऊ नको, लोक हसतील, असं आई म्हणाली. अंजूनं मला सरळ रुखवतातच मांडलं. करंज्या, लाडू, मण्यांचं तोरण, लोकरीचा ससा आणि मधोमध मी. वऱ्हाडातल्या बायका माझ्याभोवती जमल्या. एकीनं मला उचलून पाहिलं, दुसरीनं वाजवून पाहिलं. "पोरीच्या बापानं ह्ये काय दिलंय वो?" असं एका आत्याबाईंनी नाक मुरडून विचारलं. तेव्हा नवरदेवाची आई, मल्लम्मा, म्हणाली, "काय का असंना, मुका हाय. आपल्या घरात बोलणारे लई हायत." त्या एका वाक्यावर मी त्या बाईला आपलं मानलं.

अंजूचं सासर म्हणजे मठ गल्लीतलं ईश्वरप्पांचं घर. पुढं किराणा दुकान, मागं राहणं. सारं गाव त्यांना अप्पा म्हणतं. तराजूच्या बाबतीत अप्पा कडक आणि माणसांच्या बाबतीत मऊ. दुकानदारानं कुणाशी वाकडं घेऊ नये, हा त्यांचा धर्म. मुलगा महांतेश लातूरला खताच्या कंपनीत आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं जातो. सुरुवातीचे दिवस मी पलंगाखाली चादरीतच काढले. नवी सून आल्या आल्या मशीन मांडून बसली असं व्हायला नको, एवढा विचार अंजूला होता.

मला पलंगाखालून बाहेर काढलं ते नळानं.

आमचं तळं लहान आणि गाव मोठं. त्यामुळं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी, आणि येतं तेव्हा विचारून येत नाही. पाणी सोडणारा माणूस एकेका गल्लीचा वॉल, म्हणजे पाण्याची चावी, फिरवत जातो. आपली पाळी कधी, हे त्यालाही नीट सांगता येत नाही, कारण मध्येच वीज जाते, मध्येच पाइप फुटतो. मग बायका काय करतात? घरात बसून राहतात. माहेरी जायचं टाळतात, बाजार टाळतात, दवाखाना उद्यावर ढकलतात. माणसानं नळाची वाट बघत आयुष्य काढावं, हे मला तरी पटलेलं नाही.

एकदा अंजू भाजीला गेली आणि नेमका नळ आला. घरात मल्लम्मा एकटी, तिची कंबर धरलेली. दोन घागरी भरेपर्यंत पाणी गेलंसुद्धा. मग टँकर बोलवावा लागला. मल्लम्मा कंबरेला हात लावून भिंतीला टेकली. त्याच दुपारी अंजूनं मला पलंगाखालून ओढलं, चादर सोडली, झाकण काढलं आणि ब्रश घेतला.

तिनं एक साधं पान तयार केलं. नाव ठेवलं 'नळ आला का'. त्यावर गावातल्या गल्ल्यांची नावं. आपल्या गल्लीत पाणी आलं की मोबाइलवर ते पान उघडायचं आणि आपल्या गल्लीवर बोट दाबायचं. ते नाव निळं होतं. कुंभार गल्ली निळी झाली की मठ गल्लीनं समजायचं, आता भांडी घासून ठेवा. मठ गल्ली निळी झाली की नवीन वसाहतीनं मोटारीचं बटण शोधायचं. ते पान राहतं माझ्या पोटात. गावात कुणीही कुठंही ते उघडलं की विचारणा माझ्याकडं येते आणि उत्तर मी देतो. दिवसरात्र माझं एवढंच काम.

तुम्ही म्हणाल, ह्यासाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप नव्हता का? होता. त्यावर 'पाणी आलं' हा निरोप सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडला जायचा. वर कुणीतरी मागच्या आठवड्याचा निरोप आज पुढं ढकलायचा आणि अर्धं गाव रिकाम्या नळाखाली घागर लावून बसायचं.

आणि शहाणी माणसं म्हणतील, असली पानं दूरच्या थंडगार खोल्यांत भाड्यानं ठेवतात, घरात कोण ठेवतं? अंजूलाही ते तिच्या एका चुलत दिरानं सुनावलं होतं. ती म्हणाली, "मठ गल्लीच्या नळाची वर्दी साता समुद्रापलीकडून कामून यावी? घरात मशीन हाय, लाइन हाय, मी हाय."

लाइन म्हणजे घरचं ब्रॉडबँड. त्याचं रडगाणं ऐका. घरगुती कनेक्शनात बाहेरून आत येणारी वाट हमरस्ता असते, कारण माणसं घरात बसून सिनेमे ओढतात. आतून बाहेर जाणारी वाट असते पायवाट, कारण घरातून कुणी बाहेर काही देईल असं कंपनीला वाटतच नाही. मला सगळं त्या पायवाटेनं द्यायचं होतं. म्हणून अंजूनं पानावर एकही फोटो ठेवला नाही, नुसती नावं आणि निळा रंग. शिवाय वीज गेली की आमच्या लाइनचा नंबर बदलायचा. म्हणजे माझा पत्ताच बदलायचा. अंजूनं मला शिकवलं की नवा नंबर मिळाला की आपणच गावभर सांगायचं, मी इथं आहे. मी ते इमानदारीनं करत आलो.

बाकी हाल काय सांगावेत. मे महिन्यात माझा पंखा असा घरघरायचा की मल्लम्मा म्हणायची, ह्याला दमा लागला. मग ती माया करायला यायची आणि माझ्यासमोर ओलं फडकं वाळत घालायची. दर सोमवारी लिंगपूजा झाली की माझ्याही कपाळावर विभूती ओढायची, तिची राख माझ्या पंख्यात जायची आणि अंजू गुपचूप ब्रश घेऊन बसायची. एकदा पाल येऊन आत मेली. मी तरीही चालू होतो.

आता रामलिंगची ओळख करून देतो. गावात आधी डिश, मग केबल आणि आता ब्रॉडबँड, हे सगळं त्याच्या हातात. कंपनी दुसरीच कुठली तरी, पण खांबावरची वायर रामलिंगची. त्याच्याकडं पाण्याचे टँकरही आहेत. नळ कधी येणार ते कळत नव्हतं तेव्हा माणसं घाबरून टँकर बोलवायची आणि दुसऱ्या दिवशी नळ यायचा. आता पान उघडून बघतात आणि म्हणतात, थांबा, कुंभार गल्लीत आलंय. टँकर उभे राहायला लागले. गावात पाण्याची एवढी ओरड असताना टँकर कामून उभे, ह्याचा रामलिंगनं तपास केला आणि तपास माझ्यापाशी येऊन थांबला.

पहिल्यांदा त्यानं काही न बोलता काम केलं. एक दिवस बाहेरून माझ्याकडं येणारी वाटच बंद झाली. घरातला सिनेमा चालू, फोन चालू, पण बाहेरचं कुणी माझं दार वाजवू शकेना. अंजूनं तक्रार केली तर उत्तर आलं, घरगुती लाइनला असंच असतं.

दोन दिवस ती माझ्यापुढं बसून होती. मग तिनं पुण्याला फोन लावला. क्लासमधली तिची मैत्रीण ऋतुजा तिथं नोकरीला आहे. बोलणं लांबलं. शेवटी अंजू हसली आणि म्हणाली, "म्हंजे बाहेरचा आत येऊ शकत न्हाई, पण आतला बाहेर जाऊ शकतोय." ऋतुजानं तिच्या मशीनवर माझ्यासाठी टीचभर जागा दिली. मी इथून निघून तिथं जाऊन उभा राहायचं, गावाच्या विचारणा तिथं यायच्या आणि मी उत्तर द्यायचं. सोप्या भाषेत सांगायचं तर दार बाहेरून बंद झालं होतं, म्हणून मी खिडकीतून जाऊन ओट्यावर बसलो. संध्याकाळी पान पुन्हा उघडलं. कुंभार गल्ली निळी झाली तेव्हा मी पंखा जरा जास्तच जोरात फिरवला असेन.

मग रामलिंग दुकानात आला.

"शरणार्थ, अप्पा."

"शरणार्थ. ये बाबा, बस."

"बसायला न्हाई आलो. तुमच्या सुनेनं घरच्या लाइनवर सर्व्हर बसवलाय. ते नियमात बसत न्हाई. वरून मला विचारून राहिले."

"सर्व्हर म्हंजे काय रे?"

"तुमचा तो डबा. उद्या त्यातून काय गडबड झाली तर तुमच्या दुकानावर येईल. आपलं जुनं नातं म्हणून सांगायला आलो. लाइन तोडायची पाळी आणू नका."

रामलिंग त्यांच्या मठातला माणूस, जत्रेच्या पंक्तीला शेजारी बसणारा. संध्याकाळी महांतेशचा लातूरहून फोन आला, त्यानंही तेच ऐकलं होतं. "अप्पा, कशाला डोक्याला ताप? बंद करायला लावा." फोन ठेवून अप्पा आतल्या खोलीत आले. अंजू माझ्याजवळच बसली होती.

"पोरी, तुझं काम चांगलं हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण आपण दुकानदार माणसं. दसरा होऊ दे, मंग काढून ठेव."

अंजूनं मान हलवली. होकार होता की नकार, ते अप्पांना कळलं नसावं, मला कळलं. त्या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं. भांडी सासूची, दुकान सासऱ्याचं, पगार नवऱ्याचा. मी तिचा होतो. मला राग आला. रुखवतातून आलेल्या वस्तूला राग येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या दिवशी हात लावून बघायचा होता.

दसरा जवळ आला. अंजू आईकडच्या घटासाठी उमरीला गेली, दसऱ्याच्या सकाळी येणार होती. मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं अवजारं पुजतात, आणि पुजलेलं अवजार दिवसभर कामाला लावत नाहीत. अप्पांनी तराजू धुतला, वजनं चिंचेनं घासली, मल्लम्माचा विळा, शिवणयंत्र, स्कूटर, सगळं ओळीनं मांडलं. दुकान बंद ठेवलं. मग त्यांना माझी आठवण झाली.

त्यांनी मला कोरड्या फडक्यानं पुसलं, विभूती ओढली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. एवढी पूजा माझी कुणी केली नव्हती. हात जोडून ते म्हणाले, "घरात ऱ्हायलास, काम केलास. आता जायचंच हाय तर मानानं जा." आणि अवजाराला विसावा द्यायचा म्हणून त्यांनी प्लग ओढला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. प्लग निघाल्यावर मी नसतोच. पण मल्लम्मानं ते इतक्या जणींना सांगितलंय की आता मला पाठ आहे.

सण म्हणून त्या दिवशी पाणी लवकर सोडलं होतं. सोडणाऱ्याचा हेतू चांगलाच. कुंभार गल्लीत नळ आला, तिथल्या बायकांनी पान उघडलं, पान उघडेना. मठ गल्लीतल्या बायका देवीच्या देवळात होत्या. त्यांनीही पान बघितलं, पडदा कोराच राहिला. त्यांना वाटलं, आज काही नाही. नळ आला, मोकळ्या गल्लीत वाहिला आणि गेला.

दुपारी समोरच्या पार्वतीबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन दारात आल्या. म्हातारी एकटी राहते, लेक-सून पुण्याला.

"अप्पा, तुमचं मशीन मेलं काय?"

"मेलं न्हाई. पूजेला हाय. खंडेनवमीला अवजार चालवत न्हाईत, तुला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय की. मंग नळाला बी हार घालायचा हुता. त्यो बी बसला असता गप."

अप्पा हसायला गेले, पण तिच्या मागं अजून बायका होत्या. एक लेकुरवाळी होती. नवीन वसाहतीतले एक मास्तर स्कूटरवर आले. अप्पांनी ज्यांना कधी पाहिलंही नव्हतं अशी माणसं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या किल्ल्याच्या बाजूनं विचारत विचारत आली. कुणी भांडलं असतं तर अप्पांना सोपं गेलं असतं. कुणी भांडलं नाही. जो तो एवढंच विचारत होता, "उद्या चालू होईल न्हवं?" अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून प्रत्येकाला होईल होईल म्हणत राहिले. आपल्या कपाटाशेजारून एवढी माणसं पाणी बघतात, हे त्यांना तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

घरातही पाणी नव्हतं. पुरण शिजायचं होतं, पाहुणे यायचे होते. दिवस मावळायच्या आत रामलिंगचा टँकर गल्लीत शिरला आणि दारोदार थांबत थांबत अप्पांच्या दाराशी आला. रामलिंग स्वतः पुढं बसला होता. "सणासुदीला पाणी तर पाह्यजेच की अप्पा," तो म्हणाला. अप्पांनी हौद भरून घेतला आणि पैसे मोजून दिले.

टँकर गेल्यावर मल्लम्मा म्हणाली, "लावा आता ते. देव काय म्हणत न्हाई."

"उद्या सकाळी, हार उतरवल्यावर," अप्पा म्हणाले. "रीत मोडणार न्हाई."

मला जाग आली ती दसऱ्याच्या सकाळी. अंजू उमरीहून पहिल्या गाडीनं आली होती. माझ्या गळ्यातला हार आणि बाजूला गुंडाळलेली वायर बघून ती दारातच थांबली, हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"काढला का, अप्पा?"

"काढला न्हाई. पूजेला बंद ठेवला हुता." अप्पांनी हार उतरवून पाटावर ठेवला. "ह्ये चालू कसं करत्यात? मला दाव."

तिनं प्लग लावला आणि बटण दाखवलं. अप्पांनी बोट धोतराला पुसलं आणि दाबलं. असा झटक्यात प्लग ओढल्यावर उठायला कुणालाही वेळ लागतो. मी घरघरलो, अडखळलो, एकदा बंद पडून पुन्हा उठलो. अप्पा तिथंच उभे होते. पान उघडल्यावर पहिली विचारणा आली ती त्यांच्याच फोनवरून. अंजूनं त्यांना ते पान दाखवून दिलं होतं आणि ते चष्मा वर करून आपल्या गल्लीचं नाव शोधत होते.

संध्याकाळी गावात सोनं लुटणं सुरू झालं. रामलिंग आपट्याची पानं घेऊन आला. आतल्या खोलीतच बसला, माझ्यासमोर.

"बंद केलात, लई बरं केलात अप्पा. काल मला कळलं. आपल्यात तकरार कशाला?" सोनं देत तो म्हणाला.

अप्पांनी पानं घेतली, कपाळाला लावली. "रामलिंग, काल तराजू बी बंद हुता. आज हार उतरवला, चालू केला. ह्ये बी तसंच."

रामलिंगनं तेव्हा कुठं माझ्याकडं नीट पाहिलं. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अप्पा, नियम तुम्हाला सांगितला मी."

"नियम मला कळत न्हाई. काल माझ्या दारात रिकाम्या घागरी उभ्या हुत्या, त्या कळल्या."

"मंग लाइनचा जिम्मा माझा न्हाई."

"नसू दे. शंकरपाळ्या घे. अंजू, पाणी आण बाळा."

रामलिंगनं शंकरपाळी खाल्ली, पाणी प्यायला आणि गेला. तो गेल्यावर अप्पांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यभर कुणाशी वाकडं न घेतलेला माणूस तो. मी तिथं होतो, मी पाहिलं. बाहेरच्यांना ते कधी दिसणार नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या दिवशी लाइन गेली. तक्रार केली तर तांत्रिक अडचण आहे म्हणाले. ती अडचण गल्लीत आमच्या एकट्याच्या घराला होती. महांतेशचा फोन आला, "आता लाइनच न्हाई, तर कशाला चालू ठेवलाय? वीज जळून राह्यली. बंद करा."

अप्पा म्हणाले, "नळाला पाणी न्हाई म्हणून कुणी घागर फोडतंय का?"

फोन ठेवून त्यांनी अंजूला विचारलं, "पोरी, ह्याला बाहेर जायला कसलीबी वाट चालती का? बारीक असली तरी?"

"चालती की अप्पा. मोबाइलची बी चालती. ह्यो आपला आपण बाहेर जातोय, कुणाला आत बोलवायचंच न्हाई. पण फोन कायम ह्याच्यापाशी ठेवावा लागंल. आन् कुणाचा फोन आला की वाट तुटती, म्हणून येणारे फोन बंद करून ठेवावे लागतेल."

अप्पांनी खिशातून आपला फोन काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. जेवतानाही न सोडलेला फोन तो.

तेव्हापासून मी अप्पांच्या फोनवर चालतोय. लातूरचे व्यापारी त्यांना दिवसभर फोन लावतात, लागत नाही म्हणून वैतागतात, आणि माल घेऊन दारात आले की विचारतात, "अप्पा, फोनला काय झालं?" अप्पा तराजूतून नजर न काढता म्हणतात, "पाण्याला लावलाय."

दुसऱ्या कंपनीचा एक माणूस येऊन खांब बघून गेला. दिवाळीनंतर बघू म्हणाला. येईल तेव्हा येईल. महांतेश ह्या शनिवारी आला तेव्हा माझ्याशेजारी बराच वेळ उकिडवा बसला आणि मग त्यानं बायकोला विचारलं, ब्रश कुठंय. त्यानं माझी धूळ झाडली. नीट झाडली नाही, पण झाडली.

मी काही अमर नाही. पंखा थकलाय, आतली एक चकती मधूनच कटकट करते, आणि एखाद्या मे महिन्यात मी उठणार नाही. तेव्हा मला भंगारच्या काट्यावर घाला, माझी तक्रार नसेल. पुढच्या खंडेनवमीला मला जरूर बंद करा, फक्त गल्लीला आदल्या दिवशी सांगा. हार घाला, विभूती लावा, मी दिवसभर गप्प बसेन.

पण कुणाच्या भीतीनं मला बंद करायचं असेल, तर आधी दारात जाऊन उभे राहा. रिकामी घागर घेऊन एखादी बाई येईल. तिच्या तोंडाकडं बघून सांगा, "बाई, आम्ही भ्यालो." ज्याला हे सांगता येईल, त्यानं खुशाल माझा प्लग काढावा.